अजगराच्या पोटातला माझा जंत

जंत ओळखावेत तर आम्हीच! सर्पोद्यानात आठ वर्षं मी सापांची शी मायक्रोस्कोपखाली तपासतोय. सापाच्या आतड्यात कोणकोणते जंत सुखानं नांदतात ते मला तोंडपाठ. बायकोच्या मावश्यांची नावं मात्र अजून चुकतात. त्यात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झालेली. तिच्यावर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू?

आणि सोमवारी सापडला की हो! अजगराच्या पिल्लाच्या शीत, टोकदार शेपटीचा इवलासा जंत! हे पिल्लू आठवडाभर उपाशी होतं, माझ्या एका युक्तीनं नुकतंच जेवलं होतं. युक्ती कोणती ते विचारू नका. पण असला जंत सापात मी जन्मात पाहिला नव्हता! सगळी पुस्तकं पालथी घातली, कुठेच नाही!

"साहेब, नवा जंत!" मी ओरडतच संचालकांच्या खोलीत घुसलो.

"काय सांगता! उद्याच तज्ज्ञबाईंना बोलावतो. खरा निघाला, तर प्रमुखाची खुर्ची तुमची!"

घरी नुसता जल्लोष! आई म्हणाली, "जंताला बाबांचं नाव दे."

बाबा उसळले, "मी काय घोडं मारलंय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी बायकोही ठेवणीतले कपडे घालून प्रयोगशाळेत हजर! तज्ज्ञबाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"हा सापाचा नाहीच. उंदराच्या आतड्यातला जंत आहे. उंदीर पचला, हा तसाच बाहेर आला."

"शक्यच नाही!" साहेब कडाडले. "आमचे पांढरे उंदीर इथेच वाढतात, दर आठवड्याला तपासतो. बाहेरचा उंदीर द्यायला सक्त मनाई आहे! हा आला कुठून?"

मी बायकोकडे बघून डोळे वटारले, खोकलो, मान हलवली. तिला वाटलं, स्वारी लाजतेय!

"अहो, सांगा की! आमच्या घरचा उंदीर तो, साहेब! सासूबाईंच्या पलंगाखाली मी पकडला, आणि यांनी जेवणाच्या डब्यातून आणला!"

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या डब्याकडे.

त्या संध्याकाळी आमच्या अख्ख्या घरानं जंताच्या गोळ्या गिळल्या. "तरी बरं, माझं नाव दिलं नाही," बाबा म्हणाले.

खुर्ची मला मिळाली, नाही असं नाही. पांढऱ्या उंदरांच्या खोलीतली. एक पाय आखूड आहे, पण पिंजरे धुऊन झाले की टेकता येतं.