पिवळ्या फळीचे मानकरी

माणूस काय खातो यावर त्याची पत ठरत नसते. तो ते कुठून आणतो हे किती जणांना ठाऊक आहे, यावर ठरते. हे तत्त्व ज्यांना लवकर कळलं ते सुखी झाले. ग्रंथपालांना ते पन्नाशीत कळलं, तेही वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडं ठेवायचा ठराव (वाचकांच्या सोयीसाठी) मंजूर झाला तेव्हा. दिवस अर्धे झाले, पगारही अर्धा झाला. भूक तेवढी ठरावाच्या कक्षेबाहेर राहिली.

तेव्हापासून घरचा बाजारहाट ग्रंथपालांनी आपल्याकडे घेतला. बायकोने विरोध केला नाही. "करा," ती म्हणाली. "तेवढेच पाय मोकळे होतील."

त्यांच्या रस्त्याच्या टोकाला एक भलंमोठं स्वस्त दुकान होतं. तिथल्या मालाला नाव नसे. पांढऱ्या पाकिटावर काळ्या अक्षरांत 'बिस्किट' एवढंच छापलेलं असे, आणि पाकीट उघडल्यावर ते छापणं किती गरजेचं होतं हे पटे. पण ग्रंथपालांचा जीव जडला तो दुकानाच्या अगदी मागच्या बाजूला, फरशी पुसायच्या दांड्यांपलीकडे असलेल्या एका फळीवर. ज्या मालाची तारीख आज संपते त्यावर पिवळी चिठ्ठी डकवून तो अर्ध्या किमतीत या फळीवर मांडण्यात येत असे. म्हणजे दुपारी जो पाव प्रतिष्ठितांचा असे, तोच संध्याकाळी ग्रंथपालांचा होई. पावात काहीही फरक पडत नसे. (फरक पडे तो प्रतिष्ठितांत, पण तो विषय वेगळा.)

या फळीपाशी येणाऱ्यांचा एक शिष्टाचार होता. फळीकडे बघायचं नाही, दांड्यांकडे बघायचं. रोज संध्याकाळी इतकी सुशिक्षित माणसं इतका वेळ फरशी पुसायचे दांडे न्याहाळत उभी असत, की नवख्याला वाटावं, काय हा स्वच्छतेचा ध्यास! चिठ्ठ्या डकवणारी मुलगी वळली, की दांडे जागच्या जागी राहत आणि फळी रिकामी होई. ग्रंथपालांनी केलेल्या पाहणीनुसार दांड्यांच्या ग्राहकांपैकी प्रत्यक्ष दांडा विकत घेणाऱ्यांचं प्रमाण शून्य होतं. (एका आजींनी एकदा घेतला होता, पण तो वरच्या कप्प्यातलं दही पुढे ओढायला.)

घरचा स्वयंपाक आता फळीच्या मर्जीवर चालू लागला.

"आज काय?" बायको विचारी.

"आज फळीने मशरूम दिलेत."

"कालही मशरूमच दिले होते."

"लोकांनी काल घेतले नाहीत, म्हणून आज आपल्याला मिळाले. लोकांचे उपकार माना."

"लोकांचे मानते," बायको म्हणे, "पण मशरूम तुम्ही चिरा."

अशातच लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिने स्वतःच पाहिला होता, त्यामुळे त्याच्यात खोट काढायला वाव नव्हता. मुलाचे वडील दंतवैद्य. भर बाजारपेठेत दवाखाना, दारावर पितळी पाटी. पहिल्या भेटीत ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेलं, "तसं आमचं राहणं साधं. पण खाण्यापिण्यात आम्ही तडजोड करत नाही."

"आम्हीही नाही," दंतवैद्य म्हणाले. "पोटाला काय मारायचं?"

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, ग्रंथपाल दांडे न्याहाळत उभे होते. शेजारी टोपी खाली ओढलेले एक गृहस्थ बादल्या न्याहाळत होते. फळीवर नुकत्याच दोन आख्ख्या भाजलेल्या कोंबड्या आल्या होत्या. मुलगी वळली. दोन हात एकदम पुढे झाले, दोन्ही कोंबड्या उचलल्या गेल्या आणि दोन होणारे व्याही समोरासमोर आले.

दोघांच्या काखेत एकेक कोंबडी होती, आणि काखेतली कोंबडी लपवायची सोय अजून निघालेली नाही.

"कुत्र्यासाठी," दंतवैद्य म्हणाले.

"हो ना," ग्रंथपाल सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले. "आमच्याही कुत्र्यालाच."

"अरे वा! तुमच्याकडे आहे? बोलला नाहीत. नाव काय?"

ग्रंथपालांनी डोळ्यांनीच मदत शोधली. समोर चेपलेल्या डब्यांची रांग होती. "मटार," ते म्हणाले.

"छान. आमचा टोस्ट." दंतवैद्यांची नजरही फळीवरून नुकतीच परतली होती. "रविवारी जेवायला येतोच आहोत तुमच्याकडे. मटारची भेट होईल मग."

ग्रंथपाल घरी आले ते कोंबडीपेक्षा गार पडून. ही सोयरीक मोडली तर लेक आयुष्यभर म्हणेल, बाबांनी अर्ध्या किमतीत माझा संसार घालवला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"आणि रविवारी त्यांना जेवायला काय घालणार होतात?"

"हीच कोंबडी."

"जी कुत्र्याची आहे म्हणून सांगून आलात?"

"डोकं काढून टाकलेली कोंबडी ओळखू येत नाही गं."

"तुमचं काढलं तरी कुणाला कळणार नाही," असं म्हणून बायकोने कोंबडी बर्फाच्या कप्प्यात टाकली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे कुत्रा उसना मागायला गेली. शेजारधर्मात साखर, इस्त्री आणि शिडी बसते. कुत्रा बसतो की नाही याबद्दल स्पष्ट नियम नाही. बाईंनी दिला. म्हातारा, लठ्ठ, पांढऱ्या मिशांचा, दिसायला थेट निवृत्त न्यायाधीश. 'मटार' या नावाला त्याने शेवटपर्यंत ओ दिली नाही.

रविवारी मंडळी आली. लेक आणि होणारा जावई शेजारी शेजारी बसले. कोंबडी पुन्हा गरम होऊन, बटाट्यांच्या बंदोबस्तात, टेबलावर दाखल झाली. दंतवैद्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख पटल्याचं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही; दातांचा डॉक्टर आयुष्यभर हेच करत असतो.

"मटारला द्या की आधी," ते म्हणाले.

नाही म्हणायला जागा नव्हती. ग्रंथपालांनी एक चांगला तुकडा काढून टेबलाखाली धरला. न्यायाधीशांनी तो हुंगला, ग्रंथपालांकडे पाहिलं आणि पाठ फिरवून ते झोपी गेले.

लेकीने डोळे मिटून घेतले.

"कोरडी पडते हो ही," विहीणबाई सहज म्हणाल्या. "आमचीपण परवा अशीच निघाली. थोडं लोणी लावून झाकून ठेवायची, मग घशाखाली उतरते."

दंतवैद्यांना ठसका लागला.

"पण तुमची तर टोस्टसाठी होती ना?" ग्रंथपालांच्या बायकोने अत्यंत गोड आवाजात विचारलं.

विहीणबाईंनी आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं.

"कोण टोस्ट?"

आधी जावई हसला, मग लेक. मग हसणं टेबलभर पसरलं आणि न्यायाधीश दचकून जागे झाले. दंतवैद्यांनी डोळे पुसले. "लोक हल्ली दुखणं पुढे ढकलतात," ते हळूच म्हणाले. "दाढ दुखली की दुसऱ्या बाजूने चावतात. दवाखान्यात दिवसभर मी आणि खुर्ची."

"वाचनालयात निदान मासिकं तरी असतात," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी कोंबडीचा उरलेला चांगला भाग व्याह्यांच्या ताटात वाढला. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

त्यानंतर दोन्ही घरांचं कामकाज एकत्रितपणे चालू झालं. दूध, दही, लोणी हा विभाग विहीणबाईंकडे, मांसमच्छी व्याह्यांकडे, पाव व भाजीपाला ग्रंथपालांकडे, आणि सर्वांवर लक्ष ठेवायचं काम ग्रंथपालांच्या बायकोकडे. लग्नाची तारीख ठरवायला पंचांग उघडण्यात आलं नाही. फळीवर क्रीम लावलेले केक मोठ्या संख्येने कधी येतात याचा अभ्यास करण्यात आला. शनिवारी संध्याकाळी येतात असं निष्पन्न झालं, म्हणून लग्न शनिवारी रात्री लावण्याचं उभयपक्षी ठरलं. केकवरच्या तारखेनुसार शुभकार्य मध्यरात्रीपूर्वी आटोपणं आवश्यक होतं, आणि ते आटोपलं. मेजवानी अशी झाली की पाहुणे बोटं चाटत राहिले. नवराबायको सुखात आहेत.

आणि वाचकहो, तुम्ही होतात की त्या लग्नाला. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होतात. मासा दोनदा घेतलात, केक तीनदा. घरी जाताना वाटेत पट्टा सैल करत तुम्हीच म्हणालात, "एवढी उधळपट्टी करायची काय गरज होती? लोकांना पैशाचा नुसता माज!"