बटन मधात का कोपऱ्यात?

गुणवंतभाऊ कुठेही भेटोत, बाजारात, दवाखान्यात नाहीतर एसटीच्या थांब्यावर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय जी, तुमचं बटन कुठी हाये? मधात का कोपऱ्यात?"

नवखा माणूस आधी स्वतःच्या शर्टाकडे बघतो. मग भाऊ समजावून सांगतात, की प्रश्न तुमच्या हापिसातल्या कॉम्प्युटरचा आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मध्यंतरी कॉम्प्युटरच्या सिस्टीमचं रूपच पालटलं. ज्या बटनापासून सगळं सुरू होतं, ते वर्षानुवर्षं पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात बसलेलं असायचं. नव्या रूपात ते खालच्या पट्टीवर मधोमध आलं, आणि बाकीची चित्रंही त्याच्यामागोमाग मध्ये येऊन बसली. मी अमरावतीच्या एका कॉलेजात बाबू आहे. आमच्या हापिसात सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाले, तेव्हा सगळ्यांचे हात कोपऱ्यात गेले आणि रिकामे परत आले. हेडक्लार्क साहेब तर खिसा कापला गेल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

आता याच्याशी गुणवंतभाऊंचा काय संबंध? त्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही. आमच्या कॉलनीची भिंत संपते तिथे त्यांचं वावर सुरू होतं. वांगी, पालक, सांबार, दसऱ्याला झेंडू. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण इकडे कोथिंबीर म्हणू नये. भाजीवाली तुम्हाला पुण्याचे समजून भाव वाढवते. तर असा हा भाजीवाला माणूस, मोबाइलसुद्धा हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघणारा. त्याला आमच्या बटनाचं काय पडलंय, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

पहिल्यांदा ते आमच्या हापिसात आले ते मला वांगी द्यायला म्हणून. वांगी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले ते उठेचनात. शेवटी तायडे मॅडमकडे वळून म्हणाले, "बाई, तुमाले कसं वाटून राह्यलं हे नवीन?"

तायडे मॅडम वाटच पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात येऊन, मला न विचारता, कोणी मिठाचा डबा दुसरीकडे ठेवावा ना, तसं वाटतं. डबा चांगला असेल हो, पण मला विचारायचं तरी."

भाऊंनी मान हलवली. "पन मीठ तेच हाये ना?"

"मीठ तेच आहे."

"मंग चव सांगा, भाव नका सांगू." हे त्यांचं पेटंट वाक्य. त्याचा नेमका अर्थ कोणालाच कळत नाही, पण ऐकणारा गप्प होतो एवढं खरं.

मॅडमनंतर हेडक्लार्क साहेब. साहेबांनी नव्या सिस्टीमचा पाऊण तास उद्धार केला. भाऊ शांतपणे ऐकत होते, फक्त मधूनमधून "पन एखादी गोष्ट तं बरी असन" असं पुटपुटत होते. शेवटी साहेब म्हणाले, "हो, एक बरी आहे. बंद करायचं बटन अजून सापडतं." भाऊ वांग्यांची रिकामी पिशवीही न घेता उठून गेले. जाताना त्यांचा चेहरा पडला होता. मला हसू आलं. म्हटलं, माणूस कशाकशाला जीव लावेल सांगता येत नाही.

मग हे रोजचंच झालं. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घातलेला असताना भाऊंनी त्यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिसायला छान, पण माझा जुना कॉम्प्युटर त्याच्याने दमतो. फोटो स्टुडिओवाल्या साहेबरावांनी सांगितलं, "झ्याक दिसते, भाऊ." त्यावर भाऊ म्हणाले, "दिसाले तं मुळाबी झ्याक दिसते. खाऊन कसं लागलं ते सांग." माझ्याकडून उत्तर घ्यायला ते तीनदा आले. मी म्हटलं, "झाली आता सवय." ते म्हणाले, "सवय तं शेजाऱ्याच्या कुत्र्याचीबी होते, बाबू." आणि माझ्या दारातून नाराज होऊन गेले.

एकदा तर हद्द झाली. आमच्या गल्लीत एका घरी म्हातारे वडील गेले होते, आम्ही बसायला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले, कोणाला शब्द सुचत नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर लॅपटॉप होता. मी भाऊंचा हात दाबला, पण उपयोग झाला नाही. "दादा," ते गेलेल्याच्या मुलाला अगदी हळू आवाजात म्हणाले, "सहज इचारून राह्यलो. याचं बटन मधात आलं का?"

मला वाटलं, आता आम्हाला हाकलतात. पण तो मुलगा सावरून बसला आणि बोलायला लागला. वडिलांची पेन्शनची कामं तोच करायचा, एके दिवशी सगळं हललं, वडील कसे त्याच्यावरच ओरडले की तू काहीतरी दाबलं. सांगता सांगता तो हसला, मग रडला. मग जावई बोलले, आतून सून बोलली. त्या घराला पुन्हा वाचा फुटली ती त्या बटनामुळे. बाहेर आल्यावर मी भाऊंना झापणार होतो, ते राहूनच गेलं.

पुढे भाऊ कंपनीचे माणूस आहेत अशी बोलवा उठली. लोक त्यांच्या वावराच्या बांधावर तक्रारी घेऊन यायला लागले. एकाचा प्रिंटर कागद गिळत होता, एकीला जुना पासवर्ड हवा होता. भाऊ प्रत्येकाचं ऐकून घेत आणि शेवटी आपला प्रश्न विचारत. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, एवढ्या लोकांना विचारलंत, तुम्हाला हवं तरी काय?"

ते सांबाराची जुडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "इचारल्यावर तं सारेच बोलतेत. मले एक मानूस पायजे, न इचारता चांगलं म्हननारा."

"मग विचारता कशाला?"

"इचारल्याबिगर बसू कसा?"

मी त्यांना बांधायला पुढची जुडी उचलून दिली.

उलगडा झाला तो भाजीबाजारात. एका सकाळी मी त्यांच्या गाडीवर बसून बाजारात गेलो. त्यांनी अडत्याकडे माल टाकला. मला वाटलं, आता घरी. पण भाऊंनी नळावर हातपाय धुतले, पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढून घातला आणि गिऱ्हाईक होऊन किरकोळ बाजारात शिरले. एका ओळखीच्या भाजीवालीच्या टोपलीत कालची त्यांचीच वांगी होती. समोर एक बाई उभी होती. भाऊ तिला म्हणाले, "काहो ताई, हे वांगे कसे निघतेत?"

बाई म्हणाली, "काल नेले होते. बी कमी हाये, पन थोडे तुरट लागले."

भाऊंनी मान डोलावली, दोन वांगी उचलून पाहिली, परत ठेवली. स्वतःचं नाव काही सांगितलं नाही. परतताना मला म्हणाले, "आपलं म्हनून सांगतलं का मानूस गोडच बोलते. माहा बापबी असंच करे. परक्याच्या तोंडून आलं तं खरं."

माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गाडीवरून उतरलो आणि विचारलं, "भाऊ, ते बटनाचं वांगं कोणाच्या वावरातलं आहे?"

ते बराच वेळ गाडीचा आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "वैशूचं."

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. अमरावतीतच इंजिनिअर झाली आणि हैदराबादला नोकरीला लागली, एवढं मला ठाऊक होतं. ती नोकरी ही सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीतली, हे ठाऊक नव्हतं. त्या खालच्या पट्टीवर पुष्कळ लोकांनी काम केलं, त्यांतली ती एक. नवं रूप बाहेर आलं तेव्हा घरात पेढे वाटले होते म्हणे, कशाचे ते कोणाला सांगितलं नाही. मग देशोदेशीचे लोक इंटरनेटवर नावं ठेवत त्या पट्टीवर तुटून पडले, आणि ही पोरगी ते सगळं वाचत बसू लागली.

"जेवत नाई धड," भाऊ म्हणाले. "आईले म्हनते, मले हे काम जमत नाई, मी सोडून देतो अन् घरी येतो. आली तं मले काय, घर तिचंच हाये. खुशीनं येवो. पन हारून आलेल्या पोरीले आपलंच घर गोड लागत नाई, बाबू."

"मग तुम्ही सांगा तिला, चांगलं झालंय म्हणून."

"मी?" ते हसले. "चवथीत तिनं गाय काढली, पाच पायाची. तिलेबी मी झ्याकच म्हटलं होतं. माह्या झ्याकले काय भाव?"

आता मात्र मला हसू आलं नाही. शिव्या ऐकून घेत हा माणूस गावभर फिरत होता. कोणाचं चांगलं बोलणं कानावर पडलंच, तर तेवढं लेकीला कळवायचं, आणि खोटं एक अक्षर कळवायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता.

त्यानंतर मीही त्यांच्या नादी लागलो. बियाणं आणायला आम्ही अकोल्याला गेलो. तिथे बियाण्याच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, की त्याने खटपट करून बटन परत कोपऱ्यात नेलं. असं नेता येतं, ही बातमी भाऊंना नवीन होती. ती त्यांना मुळीच आवडली नाही. एका प्राध्यापकांनी नव्या रूपाची तोंड भरून स्तुती केली. पण ती विचारल्यावर केलेली, म्हणून भाऊंनी ती बाद केली.

येताना मूर्तिजापूरला उतरलो. भाऊंची बहीण तिथे दिली आहे. तिच्या सासऱ्यांना, उत्तमराव गुरुजींना, वावरातला सांबार द्यायचा होता. गुरुजी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले होते. अक्षरं बोराएवढी मोठी करून पेपर वाचत होते. काचबिंदूने त्यांची कडेकडेची नजर नेली आहे, मधली तेवढी राहिली आहे. दारातून आम्ही आत आलो ते त्यांना दिसलं नाही, आवाजावरून ओळखलं.

भाऊंनी सांबाराची पिशवी बहिणीकडे दिली, चहाची बशी हातात घेतली. मी वाट पाहत होतो, आता विचारतील. पण बहिणीशी पोळ्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं आणि प्रश्न मागे पडला. तेवढ्यात गुरुजी पडद्याकडे बघतच म्हणाले, "गुणवंता, एक गंमत सांगू? पहिले मले हे सुरू करा लागे तं मुंडी वाकडी करून कोपरा हुडकाव लागे. सापडे नाई. दरखेपी सुनेले हाक. आता पाह्यतो तथीच असते. ज्या कोनी हे मधात आनलं ना, त्याले मानसाच्या नजरेचं समजते. त्याचं भलं हो."

 भाऊंच्या बशीतला चहा तसाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा गुडघा दाबला. पोरीचं नाव तिथे निघू द्यायचं नव्हतं. बहिणीने विचारलं, "काहून दादा, चहा गोड झाला का?" ते म्हणाले, "नाई वं. बरोबर हाये."

स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. भाऊंनी फोन काढला, हात लांब करून नंबर लावला आणि पलीकडून हॅलो ऐकू येताच फोन माझ्या हातात कोंबला. "तुमी सांगा," म्हणाले, आणि लांब जाऊन उभे राहिले.

मी गुरुजींचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांच्या नजरेचं सांगितलं, सुनेला हाक मारावी लागत नाही तेही सांगितलं.  वैशालीने विचारलं, "काका, आजोबा स्वतःहून बोलले? बाबानं नव्हतं ना इचारलं?"

"नाही. तुझ्या बाबांनी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

"खरं सांगा."

"अगदी खरं."

ती नाक ओढत हसली. म्हणाली, "बाबाले द्या."

भाऊ फलाटाच्या टोकाला शेंगदाणेवाल्याजवळ आमच्याकडे पाठ करून उभे होते. मूठ भरून शेंगदाणे घेतले होते, पण खात नव्हते. मी फोन पुढे केला. त्यांनी शेंगदाणे खिशात टाकले, दुपट्ट्याने हात पुसले, फोन घेतला.

"जेवली का वं, माय?" ते म्हणाले.

पुढे बराच वेळ तीच बोलत होती आणि ते नुसतं "हाव, हाव" म्हणत होते. आमची बडनेऱ्याची गाडी आली. मी त्यांना हाक मारली नाही. गाडी निघून गेली, आणि आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत तिथेच थांबलो.