अकरा वर्षांच्या जिनावासाची आणि सोफा फत्ते जाहल्याची हकीकत

जे लोक स्वतः पाय हलवीत नाहीत आणि दुसऱ्याच्या पायांचा जाब मागतात, त्यांचे पराक्रम विस्मरणात जाऊ नयेत यास्तव हे लेखन केले असे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. तशी गरजच पडली नाही. साल चालू, रविवार, दोन प्रहर टळले असता आपल्या संघाने घरच्या मैदानावर पाहुण्या फौजेची चार विरुद्ध शून्य अशी धूळधाण केली, आणि ते वर्तमान डोळ्यांनी पाहोन आपल्याच लोकांची तोंडे कैसी उतरली, आणि त्या रणधुमाळीत चष्मेवाले यांनी आपला गेलेला मुलूख कैसा सोडविला, ते सविस्तर येणेप्रमाणे.

दरबार भरे तो दंतवैद्यांचे घरी, दुसऱ्या मजल्यावर. दंतवैद्य म्हणजे चष्मेवाल्यांचे थोरले मेहुणे, टीव्हीचे धनी, रिमोटबहाद्दर. आठवडाभर लोकांस तोंड उघडा म्हणत आणि रविवारी स्वतःचे मिटीत नसत. त्यांचे शेजारी विमा एजंट, हे दफ्तरदार. त्यांजपाशी एक लांबट नोंदवही, आणि तीत प्रत्येक सामन्यास कोण कोठे बसला, कोणता पाय कोणत्यावर होता, पंखा कितीवर होता आणि त्या समयी गोल मारला की खाल्ला, ऐसे सारे तक्ते आखोन लिहिलेले. मैदान तेथून पायी वीस मिनिटांवर. परंतु एके साली सारे मिळोन तिकिटे काढून गेले आणि संघ हरला, मग मैदानाची वाट वहीने बंद केली. एके दिवशी खिडकी उघडी होती आणि बरोबरी जाहली, मग खिडक्याही बंद केल्या. ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत घामाने न्हाऊन हे वीर संघाची सेवा करीत, आणि संघास त्याची काडीमात्र खबर नसे.

चष्मेवाले यांजवर वहीची गैरमर्जी अकरा वर्षांमागे जाहली. संघ एका गोलाने पुढे होता, दोन मिनिटे उरली होती, आणि यांनी मांडीवर थाप मारोन म्हटले, "आता कुठं जातंय!" मग त्या दोन मिनिटांत संघाने दोन गोल खाल्ले. दफ्तरदारांनी तत्क्षणी नाव चढविले आणि हुकूम जाहला की, चष्मेवाले यांनी घरच्या मैदानावरील सामन्याचे समयी खोलीत थांबू नये; जिन्याच्या मधल्या वळणावर प्लॅस्टिकचे स्टूल दिले असे, त्यावर बसोन राहावे. आणि या गृहस्थाने तो हुकूम शिरसावंद्य मानला! दुकानात बसोन शेकडो लोकांस खालची बारीक ओळ वाचावयास लावणारा हा इसम रविवारी दीड दीड तास पोपडे आलेल्या भिंतीकडे पाहत बसे, कारण आपल्या थापेनेच तो सामना गेला ऐसे त्यास स्वतःसही मनोमन वाटे. येथे त्याची कीव करावी ऐसे वाचणारास वाटेल. करू नये.

त्यास हवे होते ते एवढेच. सोफ्याचा डावा कोपरा त्याच्या बायकोचा, आणि त्यालगतची जागा त्याची. लग्नानंतरच्या सालांत कॉर्नर किक आली की ती त्याचे मनगट घट्ट धरी, आणि गोल जाहला की सोडावयाचे विसरे. त्या जागी अकरा वर्षे एक उशी ठेवलेली होती, कारण जागा अपेशी ठरली. ती जागा परत मिळावी, या एका गोष्टीवाचून त्यास दुसरे काही नको होते.

जिन्यास एक गुण होता, तो सांगितला पाहिजे. वळणावरच्या झरोक्यातून मैदानावरची आरोळी थेट ऐकू येई, आणि टीव्हीवरचे चित्र आभाळातून फिरोन येते म्हणोन पाच-सात सेकंद मागाहून पोचे. यामुळे गोल जाहला की प्रथम चष्मेवाल्यास कळे, मग खोलीतल्यांस. तरीही बोलण्याची मनाई होती. मध्यंतरात एकटे साडू बाहेर येत. हे साडू बस चालवीत, शांत माणूस, दोन कप चहा घेऊन पायरीवर बसत आणि दर वेळी तेच म्हणत, "चला हो साडूभाऊ आत. बॉलला काय माहीत तुम्ही कुठं बसलाय ते." चष्मेवाले मान हालवीत आणि चहा पीत. अकरा वर्षांत साडूंनी एकही चहा चुकविला नाही.

त्या रविवारी पाहुणा संघ गुणतक्त्यात सर्वांत खालचा होता. नवव्या मिनिटास झरोक्यातून आरोळी आली, मग पाच सेकंदांनी आत कल्लोळ उठला, एक गोल जाहला. मग थोड्या वेळाने दार किलकिले होऊन सासूबाईंचा हात बाहेर आला, आणि हातात चष्मा, एक काडी निखळलेली. सासूबाई दंतवैद्यांच्या मातोश्री, या दारालगतच्या खुर्चीवर बसत. त्या म्हणाल्या, "जावईबापू, हे बघा हो जरा. मला सगळे सारखेच दिसतायत." चष्मेवाल्याच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर सदैव असे. उजेड आत होता, म्हणोन ते आत शिरले आणि सोफ्याच्या मागे सासूबाईंच्या पायांशी पाटावर बसले. पुढल्या सर्व वीरांचे डोळे पडद्यावर खिळलेले. मागे हत्ती येऊन बसता तरी कळते ना.

स्क्रू बसविणे हे काम अर्ध्या मिनिटाचे. चष्मेवाल्याने त्यास सामना संपेपर्यंत पुरविले. स्क्रू बसवावा, काढावा, काच पुसावी, पुन्हा स्क्रू बसवावा, आणि दोन सोफेवाल्यांच्या डोक्यांमधल्या फटीतून पडदा पाहावा. मध्यंतरात साडू चहा घेऊन उठले, त्यांनी हे पाहिले, एक कप मुकाट्याने पाटाजवळ ठेवला आणि चकार शब्द काढला नाही. ऐसे होता होता दुसरा गोल जाहला, तिसरा जाहला, चौथा जाहला, आणि चष्मेवाले सासूबाईंच्या कानाशी लागोन कोणी मारला ते सांगत गेले. अकरा वर्षांनी त्यांनी घरचा गोल डोळ्यांनी पाहिला, आणि काच पुसावयाच्या फडक्याने स्वतःचे डोळे पुसले.

एक्याऐंशीव्या मिनिटास आपल्या संघास पेनल्टी मिळाली. नऊ नंबरवाला चेंडू ठेवोन मागे सरला, इतक्यात किलकिल्या दारातून, जिन्याच्या झरोक्यातून, हजारो लोकांचा एकच मोठा सुस्कारा चष्मेवाल्याच्या कानी पडला. गोल हुकला होता. पडद्यावर नऊ नंबरवाला अजून श्वासच घेत होता. मग सासूबाईंस ठसका लागला, साडू पाणी द्यावयास उठले, आणि मग पडद्यावर चेंडू खांबावर आदळला. हा क्रम वाचणाराने ध्यानी ठेवावा, कारण त्या खोलीत तो कोणी ठेवणार नव्हते.

शिट्टी वाजली. फत्ते जाहली. दंतवैद्यांनी दोन्ही हात वर केले, दफ्तरदारांनी त्यांस आलिंगन दिले, आणि हा आनंद वाटीतले खारे दाणे सरेपर्यंत टिकला. मग रयत रडावयास बसली. दंतवैद्य यांनी फर्मावले की, पहिला गोल नशिबाचा, दुसरा गुडघ्याला लागोन गेलेला, तिसऱ्याचे वेळी त्यांचा गोलरक्षक बुटाची नाडी बांधीत असावा, आणि चौथा फार उशिरा आला. दफ्तरदार बोलिले की, ऐसा दुबळा गनीम समोर असता सात व्हावयास पाहिजे होते, चार म्हणजे एका अर्थी हारच. "आणि पेनल्टी!" दंतवैद्य कपाळावर हात मारोन म्हणाले, "पेनल्टी मारता येत नाही यांना! पुढच्या रविवारी बघा, कपडे काढून पाठवतील." चार गोलांनी जिंकलेल्या घरात ऐसी अवकळा पसरली की दारावरून कोणी गेला असता आत कोणी आजारी आहे ऐसे समजोन हळू चालता. हरल्या दिवशी हे लोक निदान एकमेकांस धीर तरी देत.

मग वही उघडली. कायदा ऐसा की पान मिटावयाचे तर प्रत्येक गोलास एक कारण आणि प्रत्येक अपयशास एक इसम पाहिजे. दफ्तरदार लिहू लागले की, चष्मेवाले जिन्यावर पक्के होते, सबब फत्ते, त्यांचे आभार. तो सासूबाई चष्मा नाकावर नीट बसवीत म्हणाल्या, "जिन्यावर कुठले? दुसऱ्या गोलापासून माझ्यापाशीच तर बसलेत."

सर्वांनी मागे वळोन पाहिले, तो पाटावर चष्मेवाले, हाती फडके, मुद्रा चोराची. दंतवैद्य गरजले, "भाऊजी! तुम्ही आत?" मग बराच वेळ मसलत चालली. दफ्तरदारांनी बोटांवर मोजोन हिशेब केला की, जिन्यावर असता गोल एक, आत असता गोल तीन. याचा अर्थ जिना चुकला. अकरा वर्षे चुकला, ऐसे मात्र कोणी म्हटले नाही. ठराव ऐसा जाहला की ग्रहदशा पालटली, सबब चष्मेवाले यांजवरील मनाई उठविली, आणि उशी काढोन सोफ्यावरील पूर्वीची जागा त्यांस बहाल केली. चष्मेवाले उठले, सोफ्यास वळसा घालोन पुढे आले आणि बायकोलगत बसले. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्या क्षणी हा मनुष्य सुखी जाहला, आणि येथेच लेखणी ठेविली असती तर फार बरे होते.

पण पान मिटेना. पेनल्टीस इसम पाहिजे होता. दफ्तरदार पेन चावीत म्हणाले की, त्या क्षणी खोलीत दोनच गोष्टी वहीबाहेरच्या होत्या: एक, चष्मेवाले आत होते, दुसरी, कोणीतरी उठले होते. दोहोंपैकी एकाचे नाव पडेल, आणि ज्याचे पडेल त्याने जिन्यावर जावे. "तुम्ही मागे होतात भाऊजी, तुम्हाला दिसलं असणार," दंतवैद्य बोलिले, "कोणी उठलं होतं का आधी?"

चष्मेवाल्यास सुस्कारा अजून कानात ऐकू येत होता. चेंडू आधी हुकला आणि साडू मागाहून उठले, हे तो शपथेवर सांगू शकता. टीव्ही मागाहून चालतो, हेही सांगू शकता. मग वहीतले एकूण एक पान त्याच दमात रद्द होते आणि कोणासच जिन्यावर जावे न लागते. एवढे मोठे राज्य एका वाक्यात खालसा करण्याची संधी त्या क्षणी त्याच्या जिभेवर होती. परंतु त्यास राज्य नको होते, जागा हवी होती. आणि वही गेली तर जागा कोणी दिली, हाही प्रश्न निघता. साडू समोर रिकामा पेला घेऊन उभे होते आणि त्याजकडे पाहत होते, रागाने नव्हे, सहज.

चष्मेवाले म्हणाले, "साडूभाऊ उठले होते. आधीच."

मग हुकूम जाहला. साडूंनी पेला टेबलावर ठेवला. "मी पाणी दिलं हो आईंना," एवढे म्हणाले, मग थोडे हसले आणि बोलिले, "बरं, बसतो बाहेर. स्टूल आहेच." सासूबाई काही म्हणू लागल्या, तो दंतवैद्यांनी टीव्हीचा आवाज वाढविला, कारण तज्ज्ञ मंडळी बोलावयास बसली होती. साडू चपला घालोन बाहेर गेले आणि दार ओढोन घेतले.

चष्मेवाल्याच्या मनगटावरचा हात निघाला. बायको हळू बोलली, केवळ त्यास ऐकू जाईल इतके. "दार उघडं होतं. मलाही ऐकू आलं होतं."

"काय?"

"तुम्हाला माहितीये काय ते. अकरा वर्षं मी या कोपऱ्यात का बसते? इथनं जिन्यावरचं ऐकू येतं म्हणून. तुम्ही तिथं खोकलात तरी मला कळायचं." मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, दोन कप चहा ओतले आणि ते घेऊन खोलीतून बाहेर निघोन गेली. कोणाचे लक्ष नव्हते.

येणेप्रमाणे चष्मेवाले यांनी अकरा वर्षांची मोहीम शेवटास नेली, आणि सोफ्यावरील आपली जागा, तीन हात मुलूख, एक पाठ टेकावयाची उशी आणि पडद्याचा समोरासमोर हक्क, ऐसे सारे निर्वेधपणे ताब्यात घेतले. त्याच दिवशी दफ्तरदारांनी वहीत नोंद केली, दंतवैद्यांनी त्यावर सही केली, आणि फत्ते कायम जाहली. बायको त्यानंतर एकवार आत आली, ती पर्स न्यावयास, बसली नाही.