बाराशे सात सायटेशन्स

मुंग्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ जगात पुष्कळ आहेत. पण दातांचे डॉक्टर, पूल बांधणारे इंजिनिअर आणि परीक्षांचे निकाल तपासणारे आकडेतज्ज्ञ, अशा सगळ्यांनी ज्याची दखल घ्यावी असा मुंगीवाला एकच. मी!

ही फुशारकी नाही, माझ्याकडे आकडा आहे. एका शास्त्रज्ञानं आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपराचा उल्लेख केला की त्या दुसऱ्याच्या नावावर एक सायटेशन लागतं. ज्याची सायटेशन्स जास्त, तो मोठा. पेपर वाचत बसायची गरज नसते, आकडा बघितला की काम भागतं. आमच्या संस्थेत प्राध्यापकाची जागाही त्यावरच मिळते. मुलाखतीला तीनदाच बसता येतं आणि मी दोनदा हात हलवत परत आलो होतो, कारण पाच वर्षांत माझ्या पेपराची सायटेशन्स होती नऊ. त्यातली सहा मीच दिलेली, दोन माझ्या गाइडनी दयेपोटी दिलेली, आणि नववं चुकून पडलं असावं असा आमच्या हिचा अंदाज होता.

पेपर मात्र दणदणीत होता, हे मी आजही म्हणेन. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एका टेबलावर मी मुंग्यांची वसाहत ठेवली होती. खिडकी बंद, दिवा दिवसभर सारखा, खाणं रोज संध्याकाळी पाचला. वर छताला कॅमेरा. चाळीस दिवस, रोज सकाळी दहा ते पाच त्यानं मुंग्यांचं चित्रण केलं आणि कॉम्प्युटरनं मुंग्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की रोज बरोब्बर अकरा वाजता मुंग्या वारुळातून बाहेर पडून धावपळ करतात. ऊन दिसत नाही, घड्याळ दिसत नाही, तरी त्यांना अकरा वाजलेले कळतात! शिवाय रविवारी धावपळ होत नाही. म्हणजे मुंग्या आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात, हा माझा दुसरा निष्कर्ष. तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस त्या बाहेरच आल्या नाहीत, तिथे मी हवेतल्या दमटपणावर दीड पान लिहिलं. पेपर छापणाऱ्यांचा नियम होता की सगळं चित्रण लोकांना बघायला खुलं करायचं. मी दोनशे ऐंशी तासांचं चित्रण त्यांच्या वेबसाइटवर चढवलं आणि विसरून गेलो.

मग गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या मेहुण्याचा फोन आला. तो दातांचा डॉक्टर आहे आणि त्यानं आजवर माझ्या संशोधनाबद्दल फक्त एकच प्रश्न विचारला होता, तोही स्वयंपाकघरातल्या मुंग्या कशा घालवायच्या असा. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचं नाव आमच्या दातांच्या मासिकात आलंय." लेख कशावर होता ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं फक्त शेवटची यादी बघितली होती.

मी धावत जाऊन कॉम्प्युटर उघडला. नऊच्या जागी तीनशे बारा! दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस. महिन्याभरात आकडा हजाराच्या वर गेला. दवाखाने, पूल, परीक्षा, हवामान, दात. अंगावर मूठभर मांस चढलं. मी चहाच्या आधी आकडा बघायचो आणि चहानंतर पुन्हा बघायचो. सोसायटीच्या जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला मी विषय काढून सांगायचो, शेवटी शेजारचे काका मला बघून लिफ्टनं जायला लागले.

आमची ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचा आकड्यांवर विश्वास नाही. तिनं विचारलं की पुलांचा आणि मुंग्यांचा संबंध काय. मी म्हटलं, मूलभूत संशोधनाचं असंच असतं, त्याची मुळं कुठवर जातात ते लावणाऱ्यालाही कळत नाही.

"अहो, पण त्यातला एखादा पेपर वाचून तरी बघा."

"हजाराच्या वर आहेत. किती वाचणार?"

"एक," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

मला तो शुद्ध मत्सर वाटला. तिसऱ्या आणि शेवटच्या मुलाखतीची तारीख आली होती. ही जागा हुकली तर निवृत्तीपर्यंत मी आहे तिथेच राहणार होतो, आणि माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा प्राध्यापक होऊन मला रजा मंजूर करणार होता. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी आमच्या संचालक मॅडमना जाऊन भेटलो आणि सुचवलं की मुलाखतीआधी सभागृहात एक छोटा कार्यक्रम ठेवू. ज्या क्षेत्रांत माझा पेपर गाजला तिथल्या दोन मोठ्या माणसांना बोलवू, त्यांनी माझ्या कामाचा आपल्याला काय उपयोग झाला ते सांगायचं, निवड समितीनं पहिल्या रांगेत बसून ऐकायचं.  मॅडम म्हणाल्या की तुमची इच्छाच असेल तर माझी हरकत नाही, आणि तुमच्या खिलाडूपणाचं मला कौतुक वाटतं. खिलाडूपणा हा शब्द मला जरा खटकला, पण कौतुक पुढे होतं म्हणून मी सोडून दिलं.

सभागृह रिकामं दिसू नये म्हणून मी संस्थेतल्या सगळ्यांना आमंत्रण दिलं. कारकून, माळी, वाहनचालक, आमची प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी, सगळे आले. मेहुणा दवाखाना बंद ठेवून आला. ही आली आणि शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. मी नवा कोट शिवला होता.

पहिले बोलले एक मोठे डॉक्टर. त्यांच्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि एकाच वॉर्डातले रोगी भराभर बरे होत होते. सगळे औषधावर खूश होते. तेवढ्यात कुणीतरी माझा पेपर पुढे केला. मग त्यांनी शोध घेतला, तर त्या वॉर्डातली नर्स रोज दुपारी रोग्यांशेजारी बसून त्यांना पोटभर जेवायला लावत होती. "तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही चाचणीआधी पहिला प्रश्न हाच," डॉक्टर म्हणाले, "अकराचा हात कुठे आहे?"

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. कशाला हसलो ते मला कळलं नव्हतं, पण कोट माझ्या अंगावर होता आणि हार माझ्या गळ्यात पडायचा होता.

दुसऱ्या बोलल्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअर बाई. त्यांच्या पुलावरचं यंत्र रोज दुपारी तीनला धोक्याचा ताण दाखवायचं. पूल पाडायचं ठरत आलं होतं. त्यांनी माझा पेपर आठवून तिथे माणूस बसवला, तर पहारेकरी रोज तीनला आपली मोटारसायकल त्या यंत्राला टेकवून झोपायचा. पूल वाचला. "आणि हे सगळं ज्या चित्रणामुळे, ते आपण एकदा बघूच," असं म्हणून त्यांनी पडद्यावर माझी मुंग्यांची फिल्म लावली.

टेबल दिसलं. वारूळ दिसलं. कोपऱ्यात वेळ दिसत होती, दहा एकोणसाठ. मग अकरा वाजले आणि पडद्याच्या डाव्या बाजूनं निळा रबरी हातमोजा घातलेला एक हात आत आला. हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हातानं एक बिस्किट मायेनं कुस्करलं, चुरा टेबलभर शिंपडला, आणि फडक्यानं टेबलाची कड पुसून हात निघून गेला. मुंग्या बाहेर धावल्या.

दुसरा दिवस. अकरा. हात. तिसरा दिवस. अकरा. हात. रविवार. हात नाही, मुंग्या नाहीत. लोक डोळे पुसत हसत होते.

 दोनशे ऐंशी तासांतलं एक मिनिटही मी बघितलं नव्हतं. कॉम्प्युटरला हात का दिसला नाही, तेही आठवलं. मुंगीपेक्षा मोठं काही दिसलं तर सोडून दे, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. माझ्या पेपराचं नाव घेणाऱ्या बाराशे सात पेपरांत काय लिहिलं होतं, ते मला त्या क्षणी, नव्या कोटात बसून, सगळं एकदम कळलं.

पण नशीब अजून एक दार उघडं ठेवून होतं. बाई म्हणाल्या, "इतक्या साळसूदपणे चुकीचा निष्कर्ष लिहायचा, आणि त्याचा पुरावा शेजारीच उघडा ठेवायचा, म्हणजे वाचणाऱ्यांनी आपण होऊन धडा घ्यावा. असं धाडस करणारा शास्त्रज्ञ आम्ही दुसरा बघितला नाही."

टाळ्या झाल्या, माझ्या गळ्यात हार पडला. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, माझ्याकडे वळले. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

सांगायला लाज वाटते, पण मला विचार करायला अर्धा सेकंदही लागला नाही.

"अर्थातच," मी म्हणालो.

प्राध्यापकपद माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. अध्यक्ष मान डोलवत होते. आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. झाडणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या होत्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"तो हात माझा आहे," त्या म्हणाल्या. "सरांना कुणी बोलू नका. सरांनी पाटी लावली होती, मुंग्यांना हात लावू नये म्हणून. मी हात लावला नाही, चुरा वरून टाकला. दिवसभर उपाशी असायच्या बिचाऱ्या. मध्ये तीन दिवस मला ताप आला तेव्हा जीव लागेना माझा."

अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हणाले की घाबरू नका, सरांना हे सगळं माहीतच होतं. मावशींना ते पटलं नाही. मला वाचवायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता.

"त्यांना कसं माहीत असणार हो? अकरा वाजता सर कधी आलेलेच नसायचे."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला.

"मग कधी यायचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"साडेबारा," मावशी म्हणाल्या. मग माझी बाजू अजून भक्कम करायला त्यांनी जोडलं, "पाऊस असला तर जेवूनच."

मुलाखत चार मिनिटं चालली. त्यातली दोन मिनिटं अध्यक्ष पाणी पीत होते. घरी येताना मेहुणा गाडी चालवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. ही मात्र हसली नाही. तिनं माझ्या गळ्यातला हार काढून मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली की त्या बाईला उद्या जाऊन सांगा, तिची काही चूक नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, सर, तुम्ही एवढ्या सकाळी?

आठवड्यानं समितीचं पत्र आलं. प्राध्यापकपद नाकारलेलं नव्हतं, एक वर्ष पुढे ढकललं होतं. त्या वर्षात मी तोच प्रयोग पुन्हा करायचा, आणि रोज अकरा वाजता टेबलापाशी स्वतः हजर राहायचं. हजेरीच्या वहीत रोज कुणाचीतरी साक्षीची सही लागणार होती. समितीनं संस्थेतल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी तपासल्या, आणि अकरा वाजता तिथे न चुकता असणारी व्यक्ती संस्थेत एकच निघाली.

आता सहा महिने झाले. मी रोज पावणेअकराला धापा टाकत पोचतो. फक्त गेल्या मंगळवारी बस चुकली आणि अकरा वाजून चार मिनिटं झाली. मी हात जोडले, पूल आणि दवाखान्यांची शपथ घातली. मावशींनी हातमोजा काढला, चष्मा लावला, आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुंग्या हजर. सर गैरहजर.'