कानबाई आली, कपाट गेलं

श्रावणात खानदेशातल्या कानबाईला घरात मांडायचं ठरलं आणि भाईदास पाटलाच्या लक्षात आलं, की घरात देवी मावेल, पण कपाट असेपर्यंत भाऊबंद मावणार नाहीत.

"कपाट बाहेर काढा," शोभाबाई म्हणाली.

"बाहेर म्हंजे कोठे? सहावा मजला शे हाऊ!"

"समोर, बन्सीलालभाऊना घरमा. त्यासनी बायको माहेरले जायेल शे."

बन्सीलाल मूळचा जालन्याचा. इतका सोशिक, की अंगावर सांड आला तरी "या, बसा" म्हणेल. "आणा की, त्यात काय," असं तो म्हणाला आणि भाईदासचं कपाट, खाट, फ्रिज, टीव्ही, गॅस, एवढंच काय लग्नातला फोटोसुद्धा समोरच्या घरी राहायला गेला. फोटो ठेवायला जागा नव्हती, म्हणून शोभाबाईनं तो बन्सीलालच्या खिळ्याला अडकवला.

घर आवास कचेरीच्या सोडतीत लागलेलं. भाईदासचं अर्धं आयुष्य सुरतेत, उधन्याच्या भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. कापडगिरणीत लूमवर रात्रपाळी आणि दिवसा दुसऱ्याच्या ऊबदार खाटेवर झोप. त्यामुळे या घरावर त्याचा जीव होता आणि कचेरीच्या एका नियमाची धास्ती होती. ज्याला घर लागलं त्यानंच राहायचं. भाड्यानं दिलेलं किंवा रिकामं आढळलं, की दाराला सील.

रविवारी कानबाई बसली. उधना, चलथाण, पर्वत पाटिया, जिथून म्हणून पाटलांना यायला टेम्पो मिळाला तिथून ते आले. रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीत विसर्जन झालं. डोळे मिटायला लागले म्हणून भाईदास एकटाच पुढे घरी आला आणि सवयीनं आपल्या खाटेवर आडवा झाला. खाट अर्थातच बन्सीलालच्या घरात होती. बन्सीलाल दूध आणायला खाली गेला होता.

आणि नेमके तेव्हाच कचेरीचे देसाईसाहेब तपासणीला आले.

त्यांनी भाईदासच्या उघड्या घरात डोकावून पाहिलं. चार झेंडूची फुलं सोडली तर आत काही नव्हतं. मग समोर डोकावले. तिथं फ्रिजला खेटून फ्रिज, आणि खाटेवर घोरणारा माणूस.

"नाम?"

"भाईदास पाटील," भाईदास झोपेतच म्हणाला.

"पाटील तो सामनेवाला छे! अपना मकान खाली, और दूसरे के मकान में खटिया?"

भाईदास ताडकन उठला. "साहेब, घरमें देवी थी!"

"देवी कितना भाडा देती थी?"

"भाडा नही साहेब, वो तो सुबह तापीमें गई!"

साहेबांनी भाईदासकडे निरखून पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला नवरदेव तोच होता. "तमे भाडूत, और वो बन्सीलाल तमारा मकानमालिक. दोनों घर को सील लगेगा. मैं ऊपर का माळा देखके आता हूँ."

साहेब वर गेले आणि खालून भाऊबंद आले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे सगळे धापा टाकत होते.

"सुकदेव!" भाईदास चुलतभावावर ओरडला. "मनं सामान मना घरमा टाका! लवकर!"

सुरतेत खोल्या बदलून बदलून पाटलांचे हात असे तयार झालेले, की एकदा सामान उचलायला लागले की भिंती तेवढ्या ठेवतात. कोणाचं कपाट, कोणाची खाट, विचारायला सवड कोणाला? साहेब परत आले तेव्हा भाईदासच्या घरात दोन खाटा, दोन फ्रिज, दोन टीव्ही आणि बन्सीलालच्या दोरीवरचे ओले कपडे होते. बन्सीलाल आपल्या रिकाम्या घरात दुधाची पिशवी धरून उभा होता.

"अब ये खाली!" साहेब म्हणाले. "यहाँ रहता कौन है?"

"साहेब, लाइटबिल दाखवतो," भाईदास काकुळतीला आला.

"बिल मालिक का आता है, पंखा भाडूत चलाता है. बिल से क्या होता है?"

सहा मजले चढून शोभाबाईचा श्वास आत्ता कुठे जागेवर आला होता.

"कोन रहता है? मी रहती हूँ!" तिनं पदर खोचला. "मोरीनं पानी चुल्हापावत येस, ते मी पुसती हूँ! लिफ्ट दिवाईपासून बंद शे! खिडकी लागी त उघडत नई, उघडी त लागत नई! तुम्ही एक रोज ऱ्हाई दखाडा आठे!"

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी कागदावर टिक केली.

"ये पक्की मालकिन. भाडूत इतना नहीं बोलता. वो खोली छोडके चला जाता है." मग ते बन्सीलालकडे वळले. "तुमको क्या तकलीफ?"

"काहीच नाही, साहेब. एकदम झकास."

"पानी?"

"भरपूर."

"लिफ्ट?"

"पायाला व्यायाम होतो की."

साहेबांनी बॅगेतून सील काढलं. "ये आदमी यहाँ रहता ही नहीं."

ज्या माणसानं आपलं कपाट सांभाळलं, त्याचंच घर जाणार! भाईदासनं बन्सीलालच्या बरगडीत कोपर मारलं. "बन्सी, काहीतरी कटकट कर ना भो!"

बन्सीलालनं सीलकडे पाहिलं. रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. आणि आजवर न बोललेलं एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"तकलीफ? ही माणसंच तकलीफ आहेत! ही बाई पहाटे पहाटे ठेचा कुटती, माझ्या छातीवर कुटल्यासारखा! हा घोरतो ते इकडं ऐकू येतं! काल रात्रभर गाणी, एक सुरात असेल तर शपथ! आणि आता माझी ओली चड्डीसुद्धा उचलून नेली ह्यांनी!"

"रहता है," साहेब म्हणाले. टिक करून ते खाली उतरले.

बन्सीलाल मान खाली घालून उभा राहिला. शोभाबाई तरातरा आत गेली. आता ही काय उचलून आणते, या विचारानं भाईदासनं डोळे मिटले.

ती ताटलीत प्रसादाचा रोट घेऊन आली.

"वहिनी, कानबाईचा रोट तर फक्त भाऊबंद खातात ना?" बन्सीलाल पुटपुटला.

"मंग? इतलं वाकडं तर सख्खा भाऊबंदच बोलस," शोभाबाई म्हणाली. "खा आते."

बन्सीलालचे डोळे भरून आले. त्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाला, "तूप जरा कमी पडलंय, वहिनी."