धकाते गुरुजींचं शिकणं

धकाते गुरुजींच्या वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची सोय नव्हती. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि आपल्याला न येणारी किंवा न कळलेली एक गोष्ट सांगायची. "टाकीत पाणी वर कसं चढते, मले माहीत नाही." "भाकर गोलच काहून थापतेत, माहीत नाही." गुरुजी मान डोलावून "वा, बापा" म्हणत आणि पुढचं नाव घेत. कालचीच गोष्ट पुन्हा सांगितली तर "हे शिळं झालं, ताजं सांग" असं म्हणत. ज्याला काहीच सुचत नसे, तो समोर बसलेला असूनही त्या दिवशी गैरहजर.

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नागपुरात कोष्टी वस्तीला लागून आमची प्राथमिक शाळा होती. वर्गात बसलं की गल्लीतल्या मागांची खटखट दिवसभर ऐकू यायची. त्या वर्षी हेडमास्तरांनी तिसरी आणि चौथीतली निवडक मुलं एका खोलीत बसवली. चौथीच्या मुलांना त्याच वर्षी स्कॉलरशिपची परीक्षा द्यायची होती, तिसरीच्यांची तयारी आधीपासून व्हावी हा हेतू. कागदावर त्या वर्गाला काही तरी भारदस्त नाव होतं. गल्लीत सगळे त्याला 'हुशाराइचा वर्ग' म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत.

मी तिसरीत होते. पहिलीपासून पहिला नंबर. माझे बाबा पोस्टात होते, त्यांनी ही बातमी टपालाबरोबर घरोघरी पोचवलेली होती. पहिल्या दिवशी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी ताठ उभी राहून सांगितलं, की मला सगळं येतं. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नलिनी गैरहजर."

मी रडायला लागले. गुरुजी बाकापाशी आले, धोतर सावरून खाली टेकले आणि माझ्या उंचीवर येऊन म्हणाले, "काहून रडून राहिली वं? येत नाही म्हटल्यानं तोंड भाजत नाही."

गुरुजींचा हुशार मुलांबद्दल एक सिद्धांत होता, आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत. हुशार पोरगं म्हणजे एका पायावर उड्या मारणारं पोरगं. लोक टाळ्या वाजवतात म्हणून ते त्याच पायावर उड्या मारत राहतं आणि दुसरा पाय वाळून जातो. म्हणून आमच्या वर्गात प्रत्येकानं आपला 'वाळलेला पाय' शोधायचा आणि वर्षभरात तो चालता करायचा, असं ठरलं. वसंत पराते चौथीत होता. गणितात वाघ, पण मोठ्यानं वाचायला सांगितलं की त्याचा आवाज घशातच अडकायचा. त्यानं मोठ्यानं वाचणं घेतलं. मी शिटी वाजवणं घेतलं. मला ती कधीच जमली नव्हती आणि मोठ्या भावाला छान जमायची, एवढंच कारण. बाबांना हे पुढे कळलं. ते संध्याकाळी देवाजवळ बसलेले असताना मला पहिल्यांदा शिटी जमली, त्यामुळे फार स्पष्ट कळलं.

सगळ्यांचं ठरल्यावर वसंतनं हळूच विचारलं, "गुरुजी, तुमाले काय येत नाही?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मले सायकल येत नाही."

आम्हाला खरंच वाटेना. त्या काळच्या नागपुरात दूधवाल्यापासून कॉलेजच्या प्रोफेसरांपर्यंत सगळे सायकलवर. आणि हे पन्नाशीचे गुरुजी रोज तांडापेठेतून छत्री घेऊन पायी येत, ते हौसेनं नव्हे! वसंत सायकलीच्या दांडीखालून पाय घालून कैंची चालवायचा आणि त्यात तो गल्लीतला उस्ताद होता. गुरुजींनी जागच्या जागी त्याला आपला मास्तर नेमलं.

शनिवारी सकाळची शाळा असे. ती सुटली की भाड्याची सायकल आणायची आणि मागच्या मैदानात शिकवणी सुरू. गुरुजी धोतराचा काचा मारून, टोपी माझ्याकडे देऊन सीटवर चढत. आम्ही दहा-बारा जण मागून कॅरिअर धरून पळायचो. वसंत बाजूनं पळत ओरडायचा, "खाली नोका पाहू गुरुजी, समोर पाहा!" त्याचा आवाज तेव्हा अजिबात अडकत नसे. कोष्टी लोक माग थांबवून भिंतीपाशी गंमत पाहायला येत. गुरुजी नेमानं पडत. धोतर साखळीत अडकून, चाक खड्ड्यात जाऊन, आणि एकदा तर सायकल उभीच असताना.

पण पडल्यावर ते लगेच उठत नसत. मातीतच मांडी घालून बसत आणि आम्हाला गोल बसवून विचारत, "आता सांगा, मी काहून पडलो?" मग चर्चा. सायकल थांबली की का कलते, पळताना का कलत नाही, वळताना अंग कुठे झुकवायचं. कोणी लवकर उत्तर दिलं तर म्हणत, "घाई कोणाले आहे? पुन्हा पडून पाहू." आणि खरंच पुन्हा पडून पाहत. पुढे मोठ्या वर्गात हे धडे पुस्तकात आले तेव्हा मला ते नवे वाटले नाहीत. मला फक्त गुरुजींची खरचटलेली कोपरं आठवली.

दिवाळीच्या थोडं आधी प्रकरण चिघळलं. पोरीला शिटी शिकवतात आणि मास्तर स्वतः सर्कस करतात, अशी तक्रार घेऊन बाबा आणखी दोघा पालकांसह हेडमास्तरांकडे गेले. पुढच्या शनिवारी हेडमास्तर स्वतः मैदानात आले. नेमकं त्याच वेळी वसंतनं आम्हाला कॅरिअर सोडायला सांगितलं होतं. गुरुजी एकटे, सरळ, डुलत निघाले होते. तेवढ्यात त्यांना हेडमास्तर दिसले. गुरुजी शिष्टाचाराला पक्के. त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात सायकलीसकट शिरले.

आम्ही हसलो. हेडमास्तर हसले नाहीत. ते आमच्यासमोरच बोलले. वर्ग स्कॉलरशिपसाठी दिला आहे, खेळासाठी नाही. दिवाळीनंतर हा वर्ग दुसऱ्या मास्तरांकडे द्यावा म्हणतो. आमचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. वसंतचा चेहरा पांढरा पडला, कारण सायकल सोडायला त्यानंच सांगितलं होतं.

गुरुजी रेतीतून उठले. मिशीतली रेती झटकली. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, ह्या पोराइले हारायची सवय नाही. आजवर हारलेच नाहीत नं. उद्या कधी हारतीन, तवा त्याइनं एखादा माणूस पडून उठलेला पाहिलेला असावा."

 शेवटी असं ठरलं की दिवाळीनंतर हेडमास्तर स्वतः गणिताचा आणि भाषेचा पेपर काढतील. मुलं मागे पडलेली दिसली तर वर्ग जाईल. त्या सुट्टीत आम्ही जेवढा अभ्यास केला तेवढा मी पुढे कॉलेजातही केला नाही. गुरुजींनी करा म्हटलं नव्हतं. आम्हाला ते हवे होते, म्हणून केला. पेपर झाला, हेडमास्तरांनी तो स्वतः तपासला, आणि वर्ग गुरुजींकडेच राहिला. शनिवारची शिकवणीही चालू राहिली.  बाबा मी अंगणात शिटी वाजवली तर ऐकू न आल्यासारखं करू लागले.

चौथीच्या मुलांनी परीक्षा दिली. निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीत लागला. तिघांना स्कॉलरशिप मिळाली. वसंतला नाही.

सगळी शाळा त्याचंच नाव धरून बसली होती. तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की मले गुरुजीले सांगायचं आहे, तू संग चाल. आम्ही उन्हातून तांडापेठेत गेलो. गुरुजींचं घर आम्ही तोवर पाहिलेलं नव्हतं. खालचं, कौलारू, पुढे लहानशी ओसरी. दारात एक नवी नसलेली पण लख्ख पुसलेली सायकल उभी.

गुरुजी भाजी आणायला गेले होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा एक पाय वाळलेला होता, हे आम्हाला बसल्या बसल्या दिसलं; लहानपणच्या तापात तो गेला, हे पुढे कळलं. त्यांनी पाणी दिलं आणि वसंतला निरखून विचारलं, "तूच का गा तो, याइले सायकल शिकवणारा?"

वसंतनं मान हलवली. मी विचारलं की काकू, गुरुजींना एवढ्या उशिरा सायकल का शिकावीशी वाटली. त्यांचे हात तांदळात थांबले.

"माया बाप इणकर होता," त्या म्हणाल्या. "माग बंद पडला, मंग सायकलरिक्षा ओढे. चढ आला का उतरून ढकले. मले बसवून नेये कधी कधी, मी मागून पाहो. आता कोणाच्याही रिक्षात बसलं का मले बापाची पाठ दिसते. म्हून मी बसत नाही. आन चालता येत नाही. कितीक वर्सं झाली, गल्लीबाहेर गेली नाही मी. तं हे म्हणे, मीच शिकतो."

इतक्यात गुरुजी पिशवी घेऊन आले. वसंतनं उभं राहून सांगून टाकलं. वाक्य लांब होतं, पण एकदाही अडकलं नाही.  गुरुजींनी पिशवी आत ठेवली आणि वसंतच्या खांद्यावर हात ठेवला. मग ऊन उतरल्यावर म्हणाले, "हिले तलाव दाखवायचा आहे. कॅरिअर धराले माणूस पाहिजे. येतं का?"

काकूंनी नवं लुगडं नेसलं. गुरुजींनी त्यांना कॅरिअरवर बसवलं, स्वतः सीटवर चढले, पायडल मारलं. चाक दोन फेरे फिरलं असेल नसेल, काकूंनी त्यांचा सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाल्या, "उतरा, उतरा. पाडसान मले."

गुरुजी उतरले. वर्षभर शिकलेली विद्या तिथे गल्लीच्या तोंडाशी राहिली, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्यानं सीट, आणि पायी चालू लागले. वसंतनं मागून कॅरिअर धरलं. तलावापाशी काकू पायरीवर बसून पाण्याकडे पाहत राहिल्या. मी गुरुजींना हळूच विचारलं की तुम्हाला आता येतं ना, मग चालवत का नाही.

"तिले भेव वाटते नं," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या दोघांना संध्याकाळी रस्त्यात पाहत असे. काकू कॅरिअरवर, गुरुजी हँडल धरून पायी. काकू मागून सारखं बोलत असत. एवढ्या वर्षांचं साठलेलं असावं. गुरुजी समोर पाहत "हाव, हाव" म्हणत चालत, आणि चढ आला की आणखी हळू होत.