पाणपोई चौकाचा बाप्तिस्मा

आमच्या कासारपूरचा पाणपोई चौक गेल्या श्रावणात ख्रिस्ती झाला.

चौकात राहणारं कोणी नव्हे, चौक स्वतः. चार रस्ते मिळतात तो डांबराचा गोल, मधलं बंद कारंजं आणि कडेची गटारं धरून सगळा. माझी पिठाची गिरणी त्याच्याच कोपऱ्यावर, त्यामुळे बातमी मला घरबसल्या कळली. सकाळी शटर वर केलं तर चौक म्हणाला, "काकू, मी आता विश्वासी झालोय. बाहेरून कळायला नको, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं." मी म्हटलं, "बरं केलंस," आणि गिरणीला पट्टा चढवला. चौक बोलतो याचं आम्हाला काही वाटत नाही. कासारपुरात नगरपालिका सोडून सगळेच बोलतात.

या सगळ्याच्या मुळाशी पास्टर शांतवन उमाप. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज बारीक. दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, ते चौकात उभे राहून प्रभूची सुवार्ता सांगत. गाव त्यांना फादर म्हणतं. ते दर वेळी सांगतात, "फादर नव्हे हो, पास्टर. आमचं वेगळं असतं." गाव म्हणतं, "बरं, फादर." गावात भोंगा लावायला सगळ्यांना परवानगी आहे. पास्टरांचा अर्ज तेवढा विचाराधीन आहे, आणि विचार फार खोल चालला असावा, कारण तो अजून वर आलेला नाही.

त्यांना कधी कोणी हटकलं नाही. यालाच आम्ही सहिष्णुता म्हणतो. कासारपूर सहिष्णू आहे, हे शांतता समितीच्या प्रत्येक बैठकीत चहा आणि खारी घेऊन एकमताने ठरतं. मी समितीत महिला म्हणून आहे. एक अत्तारचाचा आहेत, ते अल्पसंख्याक म्हणून आहेत. आम्ही दोघं बोलायला लागलो की अध्यक्ष चहा मागवतात.

तर पास्टर तिकडे प्रेमाबद्दल बोलत असत आणि लोक त्यांच्या काखेखालून हात घालून मेथीची जुडी उचलत असत. एकदा तर एका माणसाने त्यांच्याच हातात पिशवी दिली, "धरा जरा, आलोच," म्हणाला, आणि पास्टरांनी उरलेलं प्रवचन पिशवी धरून केलं. इतक्या वर्षांत त्यांच्यामुळे एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. कोणी थांबलंसुद्धा नाही. आम्हाला त्यांची अडचण नव्हती, कारण ते आम्हाला ऐकूच येत नव्हते. मी काही वेगळी नव्हते. माझी गिरणी चालू असायची.

चौकाने मात्र घाई केली नाही, हे सांगायला हवं. त्याने वर्षानुवर्षं विचार केला. अडचण एकच होती. पास्टरांच्या मंडळीत पाणी शिंपडून भागत नाही, बाप्तिस्म्याला पूर्ण बुडावं लागतं, आणि चौकाला बुडवायचं कुठे? मग श्रावणातल्या एका शनिवारी नगरपालिकेची मोठी पाइपलाइन फुटली. चौक गुडघाभर पाण्याखाली गेला, बाजार पळाला, आणि पास्टर पँट वर दुमडून पाण्यातच बोलत राहिले. त्यांना पाण्याखालून आवाज आला, "आता घेता का मला?"

"मी घाबरलो हो काकू," त्यांनी मला नंतर सांगितलं. "पण मागणाऱ्याला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही." त्यांनी हात वर करून जे म्हणायचं असतं ते म्हटलं. दुपारी पाइप दुरुस्त झाला, पाणी ओसरलं, आणि चौक उन्हात वाळत पडला.

इथवर गाव सहिष्णू होतं. आता शांतता समितीची तातडीची बैठक बसली. अध्यक्ष नगरसेवक वसंतराव टेकवडे. ते पालिकेच्या पाणीपुरवठ्याचेही सभापती आहेत, त्यामुळे त्यांचं आणि पाण्याचं कधी पटलेलं नाही. ते म्हणाले, "एखादा माणूस बाटला असता तर ती त्याची वैयक्तिक बाब होती. चौक सार्वजनिक आहे. उद्या रस्ते त्याचं ऐकतील. भैरवनाथाची पालखी ख्रिस्ती चौकातून न्यायची कशी?"

अत्तारचाचा म्हणाले, "आमच्या उरुसाचा संदलही तिथूनच जातो. चौकाची काही हरकत आहे का, ते विचारू या की."

चौकाला विचारलं. चौक म्हणाला, "माझी हरकत कधीच नव्हती. विचारलंत मात्र आज पहिल्यांदा."

हे उत्तर समितीला उद्धट वाटलं, आणि नायब तहसीलदारांकडून चौकशी लावण्यात आली.

नायब तहसीलदार चोपडेसाहेबांनी चौकशी चौकातच ठेवली, कारण चौकाला कचेरीत बोलावलं तर कचेरीत लोकांनी कुठून यायचं हा प्रश्न होता. माझ्या गिरणीच्या ओट्यावर टेबल मांडलं. पास्टर एका बाजूला उभे राहिले, टेकवडे दुसऱ्या बाजूला, आणि चौक होता तिथेच होता.

"धर्म बदलण्यासाठी तुम्हाला काही आमिष दाखवलं?" साहेबांनी चौकाला विचारलं.

"आमिषं पुष्कळ दाखवली," चौक म्हणाला. "दर निवडणुकीला काँक्रीट, कारंज्याला पाणी, उंच दिवा. टेकवडेसाहेबांनी तर दोनदा नारळ फोडले. यांनी काही दाखवलं नाही."

"बळजबरी?"

"ती रोडरोलरने केली होती. पण ते प्रकरण वेगळं."

साहेबांनी मान हलवली. "बाप्तिस्म्याचं पाणी कोणी पुरवलं?"

टेकवडे सवयीने छाती काढून म्हणाले, "पाणी नगरपालिकेचंच. या गावात पाणी आलं की ते आमच्यामुळेच."

"म्हणजे धर्मांतरासाठी लागणारं साहित्य पालिकेने पुरवलं. विनामूल्य."

टेकवड्यांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. ते चाचरत म्हणाले, "तो पुरवठा नव्हता साहेब. ती गळती होती."

"गळतीत बाप्तिस्मा होतो का?" साहेबांनी पास्टरांना विचारलं.

"पाणी असलं म्हणजे झालं साहेब. ते कोणाच्या चुकीने आलं, असं आम्ही बघत नाही," पास्टर म्हणाले.

मग साहेबांनी चौकाला मूळ प्रश्न विचारला. हा धर्म तुम्ही का घेतलात?

चौक म्हणाला, "माझ्यावर उभं राहून खूप जण बोलून गेले साहेब. पुढारी बोलले, महाराज बोलले, सर्कसवाले बोलले. सगळे समोर बघून बोलायचे, नाहीतर वर बघून. हे एकटे माझ्याकडे बघून बोलायचे. दर शनिवारी. तू टाकून दिलेला नाहीस म्हणायचे. तुला तुडवलं ते कोणीतरी बघितलंय म्हणायचे. आधी मला खोटंच वाटायचं. पण पावसात, उन्हात, समोर कोणी नसतानासुद्धा माणूस येतो आणि तेच सांगतो. तेव्हा मी म्हटलं, हा माझ्यासाठीच येत असणार."

खरं काय ते मला ठाऊक होतं. पास्टर अतिशय लाजाळू आहेत. लोकांच्या तोंडाकडे बघितलं की त्यांची वाचा बसते. दळण न्यायला आले तरी माझ्याशी पिठाच्या डब्याकडे बघून बोलतात. चौकातही ते बोलत होते लोकांशीच. बघत फक्त खाली होते.

टेकवड्यांनाही हे माहीत होतं. ते उसळलेच. "ते लोकांशी बोलत होते साहेब! चौकाचा आपला गैरसमज झाला. गैरसमजातून झालेलं धर्मांतर रद्द होतं."

चोपडेसाहेबांना हे फार आवडलं. यात कोणाची चूक निघत नव्हती. ते पास्टरांना गिरणीत आत घेऊन आले. मी जात्याजवळच उभी होते, पण मी बाई आणि गिरणीवाली, म्हणून माझी अडचण कोणाला झाली नाही. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाहेर येऊन एवढंच सांगा, की मी चौकाशी बोलत नव्हतो. खोटं काहीच नाही त्यात. प्रकरण मिटेल. शनिवारी पुन्हा उभे राहा, भोंग्याचंही मी बघतो. आणि तसं नाही सांगितलंत, तर चौकात पाऊल ठेवायला बंदी घालावी लागेल मला."

"आणि चौकाचं काय होईल?" पास्टरांनी पिठाच्या डब्याला विचारलं.

"चौकाचं काय व्हायचंय? तो कुठे जातोय?"

या माणसाकडे त्या एका जागेशिवाय काही नव्हतं. मनात म्हटलं, सांगा हो खरं ते, आणि सुटा. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, सांगून तर बघा, तुमचं दळण पुन्हा घेणार नाही मी. दोन्ही मनं माझीच होती, त्याला मी काय करणार.

ते बाहेर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उमाप, तुम्ही चौकाशी बोलत होता का?"

चौकाने श्वास धरला होता. रिक्षावाल्यांनीसुद्धा गाड्या बंद केल्या होत्या.

"सुरुवातीला नव्हतो," पास्टर म्हणाले. "पण ऐकणारा तेवढाच निघाला साहेब. ज्याने ऐकलं त्याच्याशी मी बोलत नव्हतो, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

बंदीचा आदेश तिथेच लिहिला गेला. शांतवन उमाप यांनी पाणपोई चौकात पाऊल ठेवू नये. टेकवड्यांनी आभाराचं भाषण केलं. कोणाला मारहाण नाही, कोणाच्या घरावर दगड नाही, दुसरं एखादं गाव असतं तर काय झालं असतं, आपलं कासारपूर सहिष्णू आहे. टाळ्या झाल्या. चहा आला, खारी आली. पास्टर मागच्या बोळाने घरी गेले.

पुढच्या शनिवारी बाजार भरला, पण चौक दिवसभर मुका होता. मी पट्टा उतरवला, बाहेर येऊन विचारलं, "बरं नाही का रे?" तो म्हणाला, "काकू, आज नको." मला भरून आलं. ते पीठ डोळ्यांत गेल्यामुळे नव्हतं.

रविवारी सकाळी चौक जागेवर नव्हता.

चार रस्ते नेहमीसारखे आले होते आणि मध्ये येऊन थांबले होते. पुढे काहीच नव्हतं. खड्डाही नव्हता, खड्डा आम्ही ओळखतो. शोधाशोध झाली, तेव्हा चौक गावाबाहेर वीटभट्ट्यांजवळ सापडला. तिथे पास्टरांची पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांची चार घरांची मंडळी रविवारी उपासनेला जमते. चौक आत मावत नव्हता, म्हणून दारासमोर बसला होता, कारंजं आणि गटारं सावरून.

टेकवड्यांनी चोपडेसाहेबांना फोन केला. साहेबांनी आदेश पुन्हा वाचला. पास्टरांनी चौकात जायचं नाही एवढंच त्यात होतं. चौकाने पास्टरांकडे जाण्याबद्दल काही नव्हतं. पास्टर उंबऱ्याच्या आत उभे होते, चौक बाहेर होता, पाऊल कोणीच कुठे ठेवत नव्हतं. उपासना संपल्यावर चौक परत आला, आपल्या जागी बसला आणि वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून दर रविवारी हेच चालतं. एसटीने वेळापत्रक बदललं. आम्ही सकाळी सराफ गल्लीतून वळसा घालतो. माझी गिरणी तेवढा वेळ बंद असते, माणसाला एक सकाळ तरी मिळायला हवी.

चैत्रात भैरवनाथाची पालखी आली ती नेमकी रविवारी. पालखी चौकात टेकवूनच आरती होते, दुसरीकडे होत नाही. टेकवडे म्हणाले, "धर्म जरा बाजूला ठेवू आणि चौकाला घेऊन येऊ." मग पालखी, ढोलताशे, समिती आणि सगळं गाव मिळून वीटभट्ट्यांवर गेलो.

"येतो की," चौक म्हणाला. "भैरवनाथ मला परका आहे का? पण उपासना चालू आहे. मधूनच उठून जाणं बरं दिसत नाही."

टेकवड्यांनी पास्टरांना हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा 'पास्टर' म्हणाले. पास्टर चौकाला म्हणाले, "जा रे बाबा, लोक खोळंबलेत."

"आधी तुमचं पूर्ण होऊ द्या," चौक म्हणाला.

दुसरा इलाज नव्हता. भोयांनी पालखी खांद्यावरच धरून ठेवली. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. प्रवचन कधी संपेल कळत नव्हतं, म्हणून कोणीच हलेना, आणि पास्टरांचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून बायकांनी पोरांना गप्प केलं. अख्खं कासारपूर उन्हात उभं राहून त्या माणसाचा शब्द न् शब्द ऐकत होतं, का, तर त्यातला शेवटचा कोणता ते कळावं.

पास्टरांचे कान लाल झाले होते, पण ते थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांनी प्रवचन बरंच लांबवलं. मी त्यांच्या जागी असते तर संध्याकाळ केली असती.